मेंढरं कुणाच्या हाकेवर आली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या दिवशी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मैदानावर जी मेंढरं घुसली ती आपणहून घुसली नव्हती. मी बोलावली होती. तोंडानं हाक घालून, जाणूनबुजून, आणि खेळाच्या नियमांचं पुस्तक आधी नीट वाचून.

पुस्तकाचं मुद्दाम सांगतो. कारण नुसती हाक घातली असती तर 'भान सुटलं' म्हणून स्वतःची समजूत काढता आली असती. पुस्तक वाचलेल्या माणसाला तीही सोय नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका आडरस्त्यावरच्या कॉलेजात ग्रंथालय परिचर आहे. पुस्तकांवरची धूळ झटकणं हे माझं कागदावरचं काम. पण असल्या कॉलेजात एका माणसाला एकच काम कधी नसतं. मैदानावर फक्कीच्या रेघा मारणं, गोलच्या जाळ्या बांधणं, चेंडूत हवा भरणं, पाण्याचे जार उचलणं, हेही माझ्याकडंच. पोरं मला मामा म्हणतात. पंचेचाळिशी ओलांडलीय. बोलणं कमी. आमच्या क्रीडा सरांनी एकदा पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "हे आमचे मामा. यांना जीभ हाय, पण कपाटात कुलूप लावून ठेवलीय." सगळे हसले. मीही हसलो, आवाज न करता.

फुटबॉल आमच्याकडं सरांनी आणला. त्याआधी मैदानावर कबड्डी आणि क्रिकेट, दुसरं काही नाही. सर विद्यार्थी असताना फुटबॉल खेळलेले. त्यांनी स्वतःच्या खर्चानं एक चेंडू आणला आणि मिळतील ती पोरं गोळा केली. कुणी सोयाबीन-कापूसवाल्याचं, कुणी मेंढरंवाल्याचं, आणि गोलला उभं राहायला गावातल्या पंक्चरवाल्याचं. पहिल्या वर्षी आमचं जे व्हायचं ते झालं. परभणीच्या एका कॉलेजानं आमच्यावर इतके गोल केले, की पंचांनी शेवटी मलाच विचारलं, "मामा, किती झाले हो?" मी पण मोजायचं सोडलं होतं.

पण मला तो खेळ चिकटला. का, ते सांगता येत नाही. न बोलणाऱ्या माणसाला असा एखादा खेळ लागतो, जिथं दीड तास सगळ्यांचंच तोंड चेंडूकडं असतं आणि आपल्याकडं कुणी बघत नाही. आमचा गोल झाला की मी ओरडायचो नाही. मी सामानाच्या खोलीत जायचो, दार लोटायचो आणि एकटाच उड्या मारायचो. एकदा उडी मारताना डोकं छताच्या पत्र्याला लागलं. सरांनी विचारलं, "टेंगूळ कशाचं?" म्हटलं, "कपाटाचं."

उड्यांवरच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. मी हळूहळू हातचलाखी करायला लागलो. पाहुण्या संघाला सरावासाठी दगडासारखा कडक चेंडू द्यायचा, आणि आपल्या पोरांना नरम. पाहुण्यांचा जो खेळाडू डाव्या अंगानं लय पळतो म्हणून ऐकलंय, त्या अंगाला सकाळी पाण्याचा पाइप 'विसरून' चालू ठेवायचा. एकदा मी आमच्या गोलसमोरची पेनल्टीची चौकट वीतभर लहान आखली, म्हणजे कडेवरच्या चुकीला पेनल्टी बसू नये. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याचं त्या वेळी मला इतकं बरं वाटलं, की घरी जाताना सायकलवर मी शीळ घातली.

आता मेंढरांचं.

पावसाळ्यात आमच्या मैदानावर गवत गुडघ्याला लागतं. कापायचं मशीन होतं, पण त्याचा पट्टा तुटला तो तुटलाच. मंजुरीचे कागद फिरायलेत, असं मी ऐकत आलोय. मग मी आपला रस्ता काढला. मैदानाच्या कंपाउंडाला उत्तरेकडं, गोलच्या मागं, एक खिंडार होतं. पलीकडं ओढा आणि बाभळी. तिथं एक मेंढपाळ बाई रोज मेंढरं आणायची. साठीच्या आतबाहेरची, हातात काठी, कमरेला चुन्याची डबी. मेंढरू गवत मुळाशी कातरतं, शेळीसारखं वरवर ओरबाडत नाही. मी तिला म्हटलं, "मावशी, आठवड्यातनं दोन दिवस चार वाजता मेंढरं आत घाला. तुमचं पोट, आमचं मैदान."

ती म्हणाली, "अन् तुमच्या पोरांनी दगडं मारली तर?"

"माझी जबाबदारी."

"तुमी बोलता तर आवाज यीना. पोरं ऐकत्यात का तुमचं?"

असं ठरलं. दोन वर्षं मैदान हिरव्या सतरंजीसारखं राहिलं. पाहुणे संघ विचारायचे, गवत कोण कापतं? सर छाती काढून सांगायचे, "आमचे मामा."

मावशीची मेंढरं ऐंशी-पंच्याऐंशी असतील. त्यांच्या पुढं एक मोठा मेंढा, गळ्यात घंटी. त्याला ती म्होरक्या म्हणायची. मावशीची हाक म्हणजे एक नवल होतं. आधी ओठांचं 'डुर्रर्र', मग घशातनं चढत जाणारं 'हाऽऽऽ', आणि शेवटी जीभ टाळूला लावून दोन टिचक्या. ती टिचकी पडली की म्होरक्या मान वर करायचा आणि चालायला लागायचा, बाकीची त्याच्या मागं. टिचकी पडली नाही तर पुढ्यात हिरवंगार शेत असलं तरी पाय उचलायचा नाही.

"मी म्हणल्याबिगर ह्यो हलणार न्हाई," मावशी सांगायची. "डांबरी रस्त्यानं जातो आमी. मागून ट्रक, पुढून यष्टी. म्होरक्यानं आपल्या मनानं एक पाऊल टाकलं तर सगळी जित्राबं चाकाखाली. म्हणून आमच्यात बाईचं काय बघत्यात सांगू? रूप न्हाई, रंग न्हाई. हाक बघत्यात."

तिच्या भाऊबंदांत तिच्या हाकेचा मान होता. दुसऱ्या तळावरची माणसं नवा मेंढा शिकवायला तिच्याकडं आणून सोडायची. हे मला तेव्हाच माहीत होतं. नंतर कळलं असं नाही.

ती हाक मी चोरून शिकलो. काही कामासाठी नाही. माणूस कुणाचं चांगलं गाणं ऐकतो आणि न्हाणीघरात म्हणून बघतो, तसं. मी न्हाणीघरातच करून बघायचो. बायकोनं दारावर थाप मारली, "घशात काय अडकलंय का? वाफ घ्या." मग मी ग्रंथालयात, ज्ञानकोशांच्या कपाटामागं सराव केला. तिकडं कुणी फिरकत नाही. दोनेक महिन्यांनी एक दिवस मावशी लांब ओढ्यावर असताना मी खिंडारापाशी उभा राहून हाक घातली. म्होरक्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि सरळ चालत माझ्यापाशी आला. मागं सगळी मेंढरं. माझ्या शब्दावर आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी चाललं होतं. मी त्यांना घाईघाईनं परत हाकललं आणि खिंडाराकडं पाठ करून जाळी बांधत बसलो.

सामना झाला त्याला आता चार वर्षं होतील. विद्यापीठाच्या विभागाचा अंतिम सामना, आमच्याच मैदानावर, समोर परभणीचंच एक बडं कॉलेज. त्याआधी दोन वर्षं आम्ही अंतिम सामन्यात हरलो होतो, दोन्हीदा त्यांच्याशीच. पोरं तिसऱ्या वर्षाला होती. यंदा जिंकली तर जिंकली, नाही तर पांगणार. कुणी शेतावर, कुणी पुण्याला कंपनीत. सर तर सकाळपासून कुणाशी बोलत नव्हते. माझंच काम त्यांनी घेतलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज नुकतंच भरलं होतं. गर्दी इतकी, की झाडांवर माणसं. सामना साडेतीनला सुरू झाला. मी मावशीला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "उद्या चार वाजता मेंढरं आत नकोत. सामना हाय." ती मेंढरांना बाभळींखाली थांबवून खिंडारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मला बी बघू द्या की, काय असतंय."

आणि तिनं बघितलं ते असं बघितलं, की माझी बोलती बंद झाली, होती तेवढीसुद्धा. पंधरा मिनिटांत म्हणाली, "ती तुमची पोरं मेंढरावानी एका जागी गोळा व्हायलीत. अन् त्यो त्यांचा लाल बुटाचा बघा. कळपाबाहेर एकटाच फिरायलाय. कळपाबाहेर फिरणाऱ्यावर नजर ठेवावी लागती. लांडगा असू द्या न्हाई तर मेंढरू, दोन्ही बी कळपाबाहेरच असत्यात."

पुढच्याच मिनिटाला लाल बुटाच्या पोरानं गोल केला.

मध्यांतराला मी सरांपाशी गेलो आणि हळूच म्हटलं, "सर, त्या लाल बुटवाल्यावर एक पोरगा कायमचा चिकटवा. तो कळपाबाहेर फिरायलाय." सर माझ्याकडं बघतच राहिले. "मामा, तुम्हाला कळतं हो फुटबॉल!" मी मान खाली घातली. ती मान लाजेनं खाली गेली असं त्यांना वाटलं, आणि एका अर्थी ते खरंच होतं.

मध्यांतरानंतर लाल बूट बांधला गेला आणि आम्ही बरोबरी केली. आमच्या डाव्या बाजूच्या पोरानं, जो एरवी वर्गात उभं राहून आपलं नावसुद्धा सांगू शकत नाही, त्यानं तीन जणांना चकवून चेंडू जाळ्यात घातला. एक-एक. मी सामानाच्या खोलीत गेलो, चार उड्या मारल्या आणि परत आलो. तेवढ्यात आमची पोरं संपलेली.

संपलेली म्हणजे अक्षरशः. दमानं तोंडं उघडी. पाच नंबरचा एका पायावर. गोलकीपर खांबाला धरून उभा. मी जाळीमागून विचारलं, "काय झालं रे?"

"मामू, नस चढ गई," तो दात खाऊन म्हणाला. "पाँव हिलेना मेरा."

आमचे बदली खेळाडू वापरून झाले होते. आठ मिनिटं राहिली होती. समोरची पोरं लाटेसारखी येत होती. चेंडू एकदा आडव्या खांबाला लागला, एकदा उभ्या. सर मैदानाच्या कडेला खाली बसले, डोक्यावर हात. मी त्यांना तसं कधी बघितलेलं नव्हतं.

आणि मला ते पुस्तक आठवलं. ग्रंथालयात खेळाच्या नियमांचं एक पुस्तक आहे, ज्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. त्यात लिहिलंय, की बाहेरची व्यक्ती, वस्तू किंवा प्राणी मैदानात येऊन खेळात आडवं आलं, तर पंचांनी खेळ थांबवायचा. आणि त्या वेळी चेंडू गोलपुढच्या चौकटीत असेल, तर खेळ पुन्हा सुरू करताना चेंडू त्या गोलकीपरलाच द्यायचा. 'प्राणी' या शब्दावर मी आदल्या आठवड्यात दोनदा थांबलो होतो. तेव्हा मनात काही नव्हतं, असं म्हणण्याची मला फार इच्छा आहे.

मावशी खिंडारात नव्हती. पाण्याचा डबा घेऊन हापशावर गेली होती. जाताना मला म्हणाली होती, "येते. म्होरक्या हाय, काळजी न्हाई."

मी खिंडाराशेजारच्या सामानाच्या खोलीच्या मागं गेलो. तिथून बाभळी दिसतात आणि मैदानातून मी दिसत नाही. लोकांचा आरडाओरडा इतका होता, की माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. डुर्रर्र. हाऽऽऽ. दोन टिचक्या.

म्होरक्यानं मान वर केली.

मी परत जाळीमागं येऊन फक्कीची बादली हातात धरून उभा राहिलो. तेवढ्यात लाल बुटाचा पोरगा त्याच्या मागच्याला झटकून सुटला. समोर एकटा आमचा लंगडा गोलकीपर. आणि गोलच्या बाजूनं घंटी वाजली. म्होरक्या आला तो खांबाला वळसा घालून थेट गोलपुढं उभा राहिला, आणि मागून बाकीची आली, एकमेकींच्या अंगावर चढत, खाली मान घालून. चार वाजून गेले होते, त्यांच्या हिशेबानं आधीच उशीर झाला होता. लाल बुटानं चेंडू मारला. तो एका मेंढीच्या पाठीला लागून थांबला. ती मेंढी हललीसुद्धा नाही, चरत राहिली.

पंचांनी शिट्टी फुंकली. आधी एकदा, मग सलग, जशी ती तोंडातच अडकून बसावी तशी.

पुढची बारा-तेरा मिनिटं काय झालं ते आमच्या गावात अजून नाटकासारखं करून दाखवतात. शे-दोनशे पोरं मेंढरं हाकलायला धावली. हाकलायचं कसं ते कुणालाच येत नव्हतं. चार बाजूंनी हाकललेली मेंढरं पाचव्या बाजूला जातात. ती मैदानभर पसरली, पार पलीकडच्या गोलपर्यंत. एका प्राध्यापकांनी छत्रीची उघडझाप करून मेंढरं अडवायचा प्रयत्न केला. एका मेंढीनं पाहुण्यांच्या व्यवस्थापकांच्या पिशवीतली केळी खाल्ली, सालीसकट. आणि आमची पोरं? मैदानावर पाठ टेकून पडली होती. सर त्यांना लिंबू-मीठ-पाणी पाजत होते. पंक्चरवाल्याच्या पोराचा पाय दोघं जण चोळत होते. मी बादली खाली ठेवली नव्हती. आतून मला इतकं हसू येत होतं, की पोटात कळ आली.

ते हसू कुठं थांबलं ते सांगतो. मावशी हापशावरून पळत आली तिथं. पाण्याचा डबा वाटेत टाकून, पदर खांद्यावरून सुटलेला. तिनं हाक घातली. एकदा, दोनदा. दोनशे पोरांच्या गोंधळात बुजलेलं मेंढरू कुणाची हाक ऐकतं? म्होरक्या भेदरून गोल गोल फिरत होता. प्राचार्य सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, "बाई, जनावरं सांभाळता येत नाहीत तर आणता कशाला?" तिनं म्होरक्याचं शिंग धरलं आणि त्याच्या तोंडावर हातानं एक चापट मारली. मग स्वतःचाच हात बघत राहिली. माझ्यापासून तीन हातांवर. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "लेकरा, आजवर असं कदी झालं न्हवतं रे."

मी म्हणालो, "हं."

एवढंच म्हणालो.

मैदान रिकामं झालं. चेंडू नियमाप्रमाणे आमच्या गोलकीपरच्या हातात. त्यानं ताज्या पायानं तो लांब मारला. आमचा डावीकडचा पोरगा पळाला, त्यांचा गोलकीपर पुढं आला आणि त्याचा पाय सटकला. मेंढरांनी मागं ठेवलेल्या लेंड्यांवरून. तो आडवा, चेंडू आत. दोन-एक. पोरांनी सरांना उचललं. सर रडत होते. मी सामानाच्या खोलीत गेलो, दार लोटलं, आणि उड्या मारायच्या म्हणून उभा राहिलो. मारल्या नाहीत. तसाच बाहेर आलो आणि जाळ्या सोडायला लागलो.

पाहुण्यांनी लेखी तक्रार केली. विद्यापीठानं प्राचार्यांकडून खुलासा मागवला. आमच्या ऑफिसात चांगलं अक्षर माझंच, त्यामुळं खुलासा लिहायला मलाच बोलावलं. प्राचार्य सांगत होते, मी लिहीत होतो, आणि जिथं ते अडले तिथं शब्द मी पुरवला. "सदर मेंढपाळ महिलेच्या अक्षम्य दुर्लक्षामुळे मेंढ्या अनवधानाने क्रीडांगणात शिरल्या." प्राचार्य नुसतं 'दुर्लक्षामुळे' म्हणाले होते. 'अक्षम्य' माझा. वाक्याला जरा वजन येईल म्हणून घातला. निकाल आमच्या बाजूनं लागला. मावशीला मैदानात यायची कायमची बंदी झाली. महिन्याभरात खिंडार बुजवून भिंत घातली. विटा उतरवून घ्यायलाही मीच होतो.

करंडक ग्रंथालयात आहे, काचेच्या कपाटात. दर शनिवारी मी तो पुसतो. जुनी पोरं आली की म्हणतात, "मामा, मेंढरांची गोष्ट सांगा." गंमत अशी, की त्या गोष्टीनं माझी जीभ मोकळी केली. मी सांगतो, आणि चांगली सांगतो. छत्रीवाले प्राध्यापक, केळी, सगळं. मेंढीची नक्कल करतो. लोक पोट धरून हसतात. नवे प्राध्यापक म्हणतात, "तुम्ही तर फार गप्प माणूस म्हणून ऐकलं होतं." त्यात मी मावशीचंही एक वाक्य घालतो, "म्होरक्या हाय, काळजी न्हाई." तिथं सगळ्यांत मोठा हशा येतो.

मावशीचं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. आमच्या एका खेळाडूच्या घरी मेंढरं आहेत, त्याच्या बोलण्यातून. तिच्या भाऊबंदांनी तिला लय बोल लावले. दिरानं चारचौघांत विचारलं, "वहिनी, तुमची मेंढरं आता शिट्टीवर चालत्यात म्हणं?" मेंढा शिकवायला कुणी आणून सोडेना. तिनं म्होरक्या बाजारात नेऊन विकला. त्याला दोष देऊन नाही. तिचं म्हणणं असं होतं, की हुकमाबिगर चालायला लागलेलं जनावर रस्त्यावर न्यायचं म्हणजे बाकीच्यांचा जीव धोक्यात. तिच्या जागी ती बरोबरच होती. तिला माहीत नव्हतं, की जनावर हुकमावरच चाललं होतं. अगदी तंतोतंत. तिनं शिकवलं होतं तसं.

नवा म्होरक्या तिनं तयार केला नाही. सुनेला म्हणाली, "तूच घाल हाक. माझ्या हाकेत आता राम न्हाई." हे मला त्या पोरानं गंमत म्हणून सांगितलं. मी त्याला पुस्तकं लावायला लावली.

गेल्या महिन्यात बोरी गावाच्या रस्त्याला चहाच्या टपरीवर मी उभा होतो. मेंढरं आली. पुढं सून, हाक घालत. हाक बरी होती, पण शेवटची टिचकी जरा ओली पडत होती, आणि मेंढरं रेंगाळत होती. मला कळलं. त्या रस्त्यावर ते कळणारे आम्ही दोघंच होतो. मावशी पार मागं होती, एक कोकरू काखेत धरून, रस्त्याच्या कडेनं. मला बघून थांबली.

"कसा हाईस लेकरा?"

"बरा हाय."

"पोरं जिंकायलेत का यंदा?"

"न्हाई. पहिल्याच फेरीत गेली."

"लाल बुटावर ध्यान ठिवलं नसंल," ती म्हणाली आणि हसली. तिचं हसू बघून माझ्या तोंडात वाक्य आलं. खरंच आलं. 'मावशी, त्या दिवशी' एवढं मी म्हणालोही.

"त्या दिवशीचं काढू नको बाबा," ती म्हणाली. "तुझी बी नोकरी जाती का काय, म्हणून मी लय घाबरले होते. तू आमाला आत घेतलं म्हणून. तुला काय झालं न्हाई ना?"

"न्हाई."

"मग झालं. पोटाचं राहिलं ना, बास." कोकरू तिनं दुसऱ्या काखेत घेतलं. पुढून सुनेनं हाक मारली, माणसाला मारतात ती, आणि मावशी निघाली. मी टपरीवाल्याला दुसरा चहा सांगितला आणि तो प्यायलो नाही.

आता हे लिहून काढलंय. वाचणारे वाचतील, कदाचित हसतील, मलाही लिहिताना दोनदा हसू आलं, ते लपवत नाही. पण मावशीला वाचता येत नाही. त्यामुळं लिहिल्यानं तिच्या बाजूला काहीच जमा होत नाही.

तिच्या तळावर जाऊन, तिची सून, तिचा दीर आणि तिचे भाऊबंद समोर असताना, मेंढरं माझ्या हाकेवर आली होती आणि तिच्या हाकेत कधीच काही कमी नव्हतं, हे मला मोठ्यानं सांगायचं आहे. आणि प्राचार्यांकडं माझ्याच अक्षरात दुसरा खुलासा द्यायचा आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.